लिनक्स सर्व्हरवर सरासरी भार कमी असूनही यूडीपी पॅकेट गळतात: गळतीची जागा कशी शोधावी?

अर्धविराम (धागाकर्ता)

आमच्याकडे मोजमापांची माहिती अखंड ग्रहण करणारा एक लिनक्स सर्व्हर आहे. दोन प्रेषक यंत्रे प्रत्येकी आठ वेगवेगळ्या पोर्टांवरून त्याच्या एकाच यूडीपी (हरवलेले पॅकेट स्वतःहून पुन्हा न पाठवणारा प्रोटोकॉल) पोर्टावर पॅकेट पाठवतात. प्रत्येक आयपी पॅकेट १५०० बाइटचे असते आणि त्यात अनुक्रमांक घातलेला असतो, त्यामुळे कोणते पॅकेट पोचले नाही हे आम्हाला निश्चितपणे कळते. नेटवर्क कार्ड १० गिगाबिटचे आहे आणि तारेवरचा सरासरी वेग ६ गिगाबिट आहे, म्हणजे कार्डाच्या क्षमतेपेक्षा तो बराच कमी आहे. तरीही दर लाख पॅकेटांमागे तीस-चाळीस पॅकेट हरवतात, आणि तीही एकेक न हरवता सलग गटाने हरवतात.

सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर आणि एकूण ३२ कोअर आहेत. टॉप या आज्ञेत प्रोसेसरचा एकंदर वापर १० टक्क्यांच्या पुढे गेलेला मी पाहिलेला नाही. ठिकठिकाणी वाचलेल्या सल्ल्यांनुसार मी नेट.कोअर.आरमेम_मॅक्स (सॉकेटच्या ग्रहण-बफरची कमाल मर्यादा) ६४ मेगाबाइट केले आणि नेट.कोअर.नेटडेव्ह_मॅक्स_बॅकलॉग अडीच लाखांवर नेले, पण गळतीत काडीचाही फरक पडला नाही. ही माहिती पुन्हा मागवता येत नाही, म्हणून ‘थोडी गळती चालायचीच’ असे म्हणून सोडून देणे मला पटत नाही. पुढे काय तपासावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

सॉकेटवाचक

आणखी कोणतीही सेटिंग बदलण्याआधी थोडे थांबावे, अशी विनंती आहे. पॅकेट तारेवरून आपल्या प्रोग्रॅमपर्यंत येताना वाटेत चार ठिकाणी साठवले जाऊ शकते, आणि त्यातील प्रत्येक ठिकाण भरून वाहू शकते. पहिले ठिकाण म्हणजे कार्डावरची छोटी मेमरी. दुसरे म्हणजे रिंग बफर, ज्यातील मोकळ्या जागांवर कार्ड डीएमएने पॅकेट थेट मुख्य मेमरीत उतरवते. त्यानंतर कार्ड इंटरप्ट देते आणि कर्नलमधील नापी ही यंत्रणा सॉफ्टआयआरक्यूच्या (इंटरप्टनंतरसाठी राखून ठेवलेल्या कर्नलच्या कामाच्या) संदर्भात रिंगमधून पॅकेट उचलू लागते. तिसरे ठिकाण म्हणजे प्रत्येक कोअरची बॅकलॉग रांग, आणि चौथे म्हणजे सॉकेटचा ग्रहण-बफर, जेथून आपला प्रोग्रॅम पॅकेट वाचतो.

यापैकी बॅकलॉग रांगेविषयी फार मोठा गैरसमज पसरलेला आहे. आजचे जवळजवळ सर्व कार्ड-ड्रायव्हर नापी वापरतात, आणि आरपीएस (पॅकेटांचे काम सॉफ्टवेअरने इतर कोअरवर वाटणारी सोय) चालू नसेल तर त्यांचे पॅकेट त्या रांगेत जातच नाही, ते थेट आयपीच्या थराकडे सोपवले जाते. म्हणून आपण अडीच लाख केलेला आकडा बहुधा कोणत्याच पॅकेटाच्या वाटेत आलेला नाही. आरपीएस चालू असेल किंवा कंटेनरांच्या आभासी जोड्यांमधून वाहतूक जात असेल, तरच त्याचा विचार करावा.

आता नोंदी कोठे पाहाव्यात ते सांगतो. कार्डाच्या स्वतःच्या मोजण्या ईथटूल -एस (मोठा एस) या आज्ञेने मिळतात. त्यांची नावे ड्रायव्हरप्रमाणे बदलतात, पण मिस्ड, नो_बफर, आउट_ऑफ_बफर, फिफो आणि सीआरसी (फ्रेमचा तपासणी-अंक) हे शब्द शोधावेत. कर्नलच्या मधल्या टप्प्याची माहिती /प्रॉक/नेट/सॉफ्टनेट_स्टॅट या फाइलमध्ये असते. तेथे प्रत्येक कोअरची एक ओळ असते आणि आकडे सोळा-आधारी असतात. पहिला स्तंभ हाताळलेली पॅकेट दाखवतो, दुसरा बॅकलॉगमधून फेकलेली पॅकेट दाखवतो, आणि तिसरा स्तंभ काम शिल्लक असताना वेळ किंवा कोटा संपल्यामुळे ते किती वेळा अर्धवट सोडावे लागले ते दाखवतो. हा तिसरा आकडा म्हणजे गळती नव्हे, तो केवळ इशारा आहे. शेवटच्या टप्प्यासाठी एनस्टॅट या (कर्नलच्या नेटवर्क-मोजण्या दाखवणाऱ्या) आज्ञेतील यूडीपीआरसीव्हीबफएरर्स हा आकडा पाहावा, आणि कोणत्या सॉकेटवर गळती होते आहे हे एसएस आज्ञेच्या -यू -ए -एम पर्यायांनी मिळणाऱ्या स्केमेम या नोंदीतील डी अक्षरापुढील आकड्यावरून ओळखावे.

आयपी -एस लिंकमधील ड्रॉप्ड या स्तंभावर एकट्यावर विसंबू नये. कर्नल २.६.३७ पासून त्या आकड्यात अशीही पॅकेट मोजली जातात, ज्यांचा प्रोटोकॉल ऐकणारे त्या यंत्रावर कोणीच नाही. त्यामुळे स्विचकडून येणाऱ्या व्यवस्थापनाच्या फ्रेममुळेही तो वाढतो, आणि टीसीपीडम्प चालू केले की तीच वाढ अचानक थांबते, कारण आता ती फ्रेम ऐकणारे कोणीतरी असते. टीसीपीडम्प बंद करताना ‘कर्नलने इतकी पॅकेट सोडली’ असे जे सांगते, तेही त्याच्या स्वतःच्या बफरपुरतेच खरे असते.

सर्व आकडे १० सेकंदांच्या अंतराने दोनदा घेऊन त्यांतील फरक येथे द्यावा. सर्व्हर सुरू झाल्यापासूनच्या एकूण बेरजेवरून काहीही ठरवता येत नाही.

अर्धविराम (धागाकर्ता)

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे दिवसभरात अनेक वेळा नोंदी घेतल्या. सॉफ्टनेट_स्टॅटचा दुसरा स्तंभ सर्व कोअरवर शून्य आहे, म्हणजे बॅकलॉगविषयीचे आपले म्हणणे खरे ठरले. तिसरा स्तंभ मात्र केवळ दोन कोअरवर सतत वाढतो आहे. ईथटूलमध्ये आरएक्स_मिस्ड_एरर्स झटक्याझटक्याने वाढतो, आणि कार्डाला १६ रांगा असूनही केवळ दोनच रांगांचे आकडे हलताना दिसतात, बाकीच्या जवळजवळ कोरड्या आहेत. रिंगचा आकार ५१२ आहे, तर कमाल मर्यादा ४०९६ दाखवली आहे. यूडीपीआरसीव्हीबफएरर्स हा आकडाही वाढतो आहे, पण मिस्डपेक्षा कमी गतीने.

आणखी एक गोष्ट आढळली. कार्डाच्या न्यूमा_नोड (कार्ड कोणत्या प्रोसेसरला जोडलेले आहे ते सांगणाऱ्या) या फाइलमध्ये ० आहे, म्हणजे पहिला प्रोसेसर, पण ते दोन व्यस्त कोअर दुसऱ्या प्रोसेसरवरचे आहेत, आणि आमच्या ग्राहक-प्रोग्रॅमचे काही थ्रेडही त्याच दोन कोअरवर अधूनमधून चालताना दिसतात.

उंबरठा

या आकड्यांत बरेच उत्तर दडलेले आहे. गळतीचा विचार बाइट किंवा पॅकेटमध्ये करण्याऐवजी काळात करावा, असे मी नेहमी सुचवतो. कोणताही बफर म्हणजे ‘वाचणारा इतका वेळ गैरहजर राहिला तरी चालेल’ अशी मुदत असते, आणि ती मुदत मायक्रोसेकंदांत काढली की कोणत्या संशयिताला धरावे आणि कोणाला सोडावे हे बऱ्याच अंशी ठरते.

आपले १५०० बाइटचे पॅकेट इथरनेटच्या शीर्षक, तपासणी-अंक, प्रस्तावना आणि फ्रेममधील सक्तीचे अंतर धरून तारेवर १५३८ बाइट व्यापते. म्हणून ६ गिगाबिटला सेकंदाला सुमारे ४ लाख ८८ हजार पॅकेट येतात, आणि दोन पॅकेटांमध्ये सरासरी २.०५ मायक्रोसेकंद मिळतात. परंतु प्रेषक सरासरीने पाठवत नाही. तो झोत सोडतो तेव्हा पॅकेट तारेच्या पूर्ण वेगाने, म्हणजे दर १.२३ मायक्रोसेकंदांनी येतात. असा झोत एकाच रांगेत उतरला, तर ५१२ जागांची रिंग साधारण ६३० मायक्रोसेकंदांत भरते. त्यामुळे प्रश्न असा विचारायला हवा, की त्या कोअरवर कोण ६३० मायक्रोसेकंदांहून अधिक काळ रिंगकडे पाठ फिरवून बसतो?

त्याचे उत्तर आपल्या तिसऱ्या स्तंभात आहे. सॉफ्टआयआरक्यूच्या एका फेरीत कर्नल मूळ सेटिंगप्रमाणे सर्व रांगा मिळून ३०० पॅकेटांपर्यंतच काम करतो आणि प्रत्येक रांगेकडून एका वेळी ६४ पॅकेट उचलतो. काम उरले तर तो काही वेळा पुन्हा फेरी मारतो, पण सुमारे २ मिलिसेकंद किंवा १० फेऱ्या झाल्यावर उरलेले काम केसॉफ्टआयआरक्यूडी या थ्रेडकडे सोपवून बाजूला होतो. हा थ्रेड साध्या प्राधान्याचा असतो. त्याच कोअरवर आपल्या प्रोग्रॅमचा थ्रेड चालत असेल, तर दोघांना शेड्यूलर आळीपाळीने वेळ देतो, आणि त्या आळीपाळीत रिंग कित्येक मिलिसेकंद कोणी न पाहता पडून राहू शकते. ६३० मायक्रोसेकंदांची मुदत तेथे पुरण्याची काहीच शक्यता नाही. एकंदर वापर १० टक्के दिसतो तो ३२ कोअरच्या सरासरीमुळे. एमपीस्टॅट -पी ऑल या आज्ञेने कोअरनिहाय पाहिल्यास त्या दोन कोअरचा सॉफ्ट हा स्तंभ शंभराजवळ गेलेला दिसेल, असा माझा अंदाज आहे.

आता दोनच रांगा का भरतात, ते पाहू. कार्ड प्रत्येक पॅकेटाच्या पत्त्यांचा हॅश (त्यांवरून काढलेला एक ठरावीक आकडा) काढून रांग ठरवते, पण यूडीपीसाठी अनेक ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये केवळ दोन्ही आयपी पत्तेच धरतात, पोर्ट धरत नाहीत. आपल्याकडे दोनच प्रेषक आहेत, म्हणजे पत्त्यांच्या दोनच जोड्या, म्हणून रांगाही दोनच. ईथटूल -एन (मोठा एन) या आज्ञेत आरएक्स-फ्लो-हॅश यूडीपी४ साठी एसडीएफएन हा पर्याय दिला, की पोर्टही हॅशमध्ये येतील आणि सोळा प्रवाह अनेक रांगांत विभागले जातील. त्यासोबत रांगांचे इंटरप्ट कार्डाच्याच न्यूमा नोडवरील कोअरवर बांधावेत आणि ग्राहक-प्रोग्रॅम त्याच प्रोसेसरवरील पण वेगळ्या कोअरवर ठेवावा. आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट कोअरांत आपोआप वाटणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर हाताने केलेली बांधणी तो पुन्हा हलवू शकतो, हे लक्षात असू द्यावे.

तारयंत्र

वरील विश्लेषणाशी मी सहमत आहे, पण दोन सावधगिरीच्या सूचना कराव्याशा वाटतात.

पोर्ट धरून हॅश करणे मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवण्यामागे कारण आहे. यूडीपी संदेश तारेच्या कमाल आकाराहून मोठा असेल तर त्याचे तुकडे होतात, आणि पहिल्या तुकड्यानंतरच्या तुकड्यांत पोर्टच नसतो. अशा वेळी एकाच प्रवाहाची अखंड पॅकेट एका रांगेत आणि तुकडे दुसऱ्या रांगेत जाऊन त्यांचा क्रम बिघडू शकतो. धागाकर्त्यांची पॅकेट १५०० बाइटचीच असल्यामुळे ही अडचण त्यांना येऊ नये, तरी आयपीरीअसमरिक्वड्स हा आकडा स्थिर आहे ना, हे एकदा एनस्टॅटमध्ये पाहून घ्यावे.

दुसरी सूचना रिंगविषयी आहे. आता कोणीतरी ‘सरळ ४०९६ करा’ असे सुचवेलच. त्याने मुदत ६३० मायक्रोसेकंदांवरून सुमारे ५ मिलिसेकंदांवर जाते, हा लाभ खरा आहे. परंतु प्रत्येक जागेमागे २ किलोबाइट धरले तर एका रांगेची मेमरी ८ मेगाबाइट होते आणि सोळा रांगांची १२८ मेगाबाइट. कार्ड या जागा चक्राकार वापरत राहते, म्हणून एवढा पसारा प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावत नाही, आणि जे पॅकेट एरवी कॅशमधून वाचता आले असते ते मुख्य मेमरीतून वाचावे लागते. दर पॅकेटाचा खर्च वाढला की जी गळती थांबवण्यासाठी रिंग मोठी केली, तीच वेगळ्या वाटेने परत येते. म्हणून माझा सल्ला असा, की आधी हॅश आणि कोअरची बांधणी दुरुस्त करावी, ईथटूल -एल (मोठा एल) वापरून रांगा आठ कराव्यात, आणि मग रिंग १०२४ किंवा २०४८ करून आकडे पाहावेत. रिंगचा आकार बदलताना बहुतेक ड्रायव्हर कार्ड बंद करून पुन्हा सुरू करतात, त्यामुळे तो बदल चालू वाहतुकीत करू नये.

जाता जाता एलएसपीसीआय -व्हीव्हीमध्ये एलएनकेएसटीए ही ओळही पाहावी. कार्ड चुकीच्या खाचेत बसले असेल किंवा जोडणी नीट जुळली नसेल, तर पीसीआय एक्सप्रेसच्या आठ मार्गिकांऐवजी एकच मिळालेली दिसते. तिसऱ्या पिढीच्या एका मार्गिकेतून ८ गिगाबिटपेक्षाही थोडे कमीच जाते. तसे असेल तर झोताच्या वेळी कार्डावरची मेमरी भरणारच, आणि कर्नलमधील कोणत्याही सेटिंगने ते सुधारणार नाही.

सॉकेटवाचक

आता दुसऱ्या गळतीकडे, म्हणजे सॉकेटच्या बफरकडे वळतो, कारण पहिली बंद होताच हिचा जोर वाढणार आहे. धागाकर्त्यांनी आरमेम_मॅक्स वाढवले असले तरी ती केवळ कमाल मर्यादा आहे. प्रोग्रॅमने एसओ_आरसीव्हीबफ (बफरचा आकार मागण्याचा पर्याय) मागितला नाही, तर सॉकेटला आरमेम_डिफॉल्टप्रमाणेच जागा मिळते, आणि ती साधारणपणे २,१२,९९२ बाइट असते. एसएसच्या नोंदीत आरबी या अक्षरांपुढे काय आहे, ते कृपया पाहावे.

उंबरठा यांच्या पद्धतीने याचीही मुदत काढून पाहू. या बफरमध्ये कर्नल पॅकेटातील मजकुराचे बाइट मोजत नाही, तर त्या पॅकेटासाठी प्रत्यक्ष गुंतलेली मेमरी मोजतो. अर्ध्या पानाचे तुकडे वापरणाऱ्या ड्रायव्हरमध्ये हा आकडा सामान्यतः २३०४ बाइट असतो. म्हणजे २,१२,९९२ बाइटमध्ये केवळ ९२ पॅकेट मावतात, आणि आपल्या सरासरी वेगाला ती १९० मायक्रोसेकंदांत संपतात! वाचणारा थ्रेड एवढा वेळही दुसरीकडे गुंतला तरी पॅकेट फेकले जाणार, ही परिस्थिती मला रिंगच्या ६३० मायक्रोसेकंदांपेक्षाही गंभीर वाटते.

प्रोग्रॅममध्ये ६४ मेगाबाइट मागितले तर कर्नल तो आकडा दुप्पट करून १२८ मेगाबाइट नोंदवतो. त्यात सुमारे ५८ हजार पॅकेट मावतात आणि मुदत ११९ मिलिसेकंद होते. सॉकेट उघडतानाच हे मागावे, कारण आरमेम_डिफॉल्ट नंतर वाढवले तर आधीच उघडलेल्या सॉकेटांना त्याचा काहीच उपयोग होत नाही. शिवाय आपण दर पॅकेटासाठी एकेक सिस्टिम कॉल करत असाल, तर दोन मायक्रोसेकंदांत तो कॉल, नक्कल आणि प्रक्रिया हे सर्व बसवणे फार ओढाताणीचे आहे. आरसीव्हीएमएमएसजी या कॉलने एका वेळी ६४ पॅकेट घ्यावीत.

पायवाट

माझ्या अनुभवात अशा गळतीमागे प्रोसेसरच्या खोल झोपेच्या अवस्था होत्या, त्या बंद केल्यावर प्रश्न सुटला होता. आणि एवढे सर्व करण्यापेक्षा थेट डीपीडीके किंवा एएफ_एक्सडीपी यांसारख्या, कर्नलचा नेहमीचा मार्ग टाळणाऱ्या साधनांकडे जाणे योग्य ठरणार नाही का?

उंबरठा

झोपेच्या अवस्थांचा मुद्दा रास्त आहे, पण तोही मुदतीच्या कसोटीवर घासून पाहू. प्रत्येक कोअरच्या सीपीयूआयडल निर्देशिकेत प्रत्येक अवस्थेपुढे लेटन्सी या फाइलमध्ये जागे होण्याचा काळ मायक्रोसेकंदांत दिलेला असतो. तो १००-१५० मायक्रोसेकंद असेल, तर ५१२ जागांची रिंग ६३० मायक्रोसेकंद तग धरत असल्यामुळे केवळ जागे होण्याच्या उशिराने ती भरणार नाही. सॉकेटच्या १९० मायक्रोसेकंदांच्या मुदतीला मात्र तो धोकादायक आहे. शिवाय हे दोन कोअर इतके व्यस्त आहेत, की त्यांना खोल झोपेची संधी मिळत असेल असे वाटत नाही. म्हणून या प्रकरणात मी त्याला तूर्त दुय्यम संशयित मानतो.

डीपीडीकेविषयी म्हणाल, तर ६४ बाइटच्या फ्रेम १० गिगाबिटच्या पूर्ण वेगाने आल्या की सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट होतात आणि एका पॅकेटाला ६७.२ नॅनोसेकंदच मिळतात. तेथे कर्नलचा नेहमीचा मार्ग एका कोअरवर टिकत नाही, आणि अशी साधने त्यासाठीच घडवली गेली आहेत. येथे पाच लाखांहूनही कमी पॅकेट आहेत. एवढा भार कर्नलने आठ रांगांत सहज पेलायला हवा, आणि तो पेलत नसेल तर दोष कोठे आहे हे आधी समजून घेतलेले बरे, कारण वाचणाऱ्याची गैरहजेरी कायम राहिली तर तीच गळती डीपीडीकेच्या रिंगमध्येही होईल.

अर्धविराम (धागाकर्ता)

सर्वांच्या सूचना क्रमाने अमलात आणल्या, आणि प्रत्येक बदलानंतर तासभर नोंदी घेतल्या.

रांगा आठ केल्या, आणि हॅशमध्ये पोर्ट धरताच त्या आठही हलू लागल्या. इंटरप्ट कार्डाच्या नोडवरील आठ कोअरवर बांधले, प्रोग्रॅम त्याच प्रोसेसरवरील उरलेल्या कोअरवर हलवला आणि रिंग २०४८ केली. आरएक्स_मिस्ड_एरर्स तेव्हापासून एकदाही वाढलेला नाही. सॉकेटवाचक यांनी म्हटल्याप्रमाणेच, त्याच तासात यूडीपीआरसीव्हीबफएरर्स मात्र पूर्वीपेक्षा वेगाने वाढू लागला. एसएसमध्ये खरोखरच आरबीपुढे २,१२,९९२ होते. प्रोग्रॅममध्ये ६४ मेगाबाइट मागून आणि आरसीव्हीएमएमएसजी वापरून पाहिल्यावर ती रोजची झिरपही थांबली.

परंतु आता एक नवेच चित्र दिसते आहे. पंधरा-वीस मिनिटे एकही पॅकेट जात नाही, आणि मग एकाच दमात सलग सुमारे ३९ हजार पॅकेट नाहीशी होतात. प्रत्येक वेळी संख्या जवळपास तेवढीच असते, आणि ती सर्व यूडीपीआरसीव्हीबफएरर्समध्येच जमा होतात. बफर आणखी दुप्पट करावा का?

उंबरठा

बफर वाढवण्याआधी हा ३९ हजारांचा आकडा पाहावा, तो फार बोलका आहे. सेकंदाला ४ लाख ८८ हजार या गतीने ३९ हजार पॅकेट म्हणजे ८० मिलिसेकंद. गळती सुरू होण्याआधी बफर पूर्ण भरला असणार, त्याला ११९ मिलिसेकंद लागतात. दोन्हींची बेरीज १९९ मिलिसेकंद होते. म्हणजे आपला वाचणारा थ्रेड प्रत्येक वेळी जवळजवळ नेमका २०० मिलिसेकंद गायब होतो. इतका ठरावीक आकडा योगायोगाने येत नाही.

आपला प्रोग्रॅम वाचलेली माहिती त्याच थ्रेडमधून फाइलमध्ये लिहितो का? तसे असेल तर माझा संशय कर्नलच्या लिखाण-नियंत्रणावर आहे. फाइलमध्ये लिहिलेले आधी मेमरीतील पानांवर साठते आणि नंतर डिस्कवर जाते. अशी डिस्कवर न गेलेली पाने उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांपलीकडे गेली की पार्श्वभूमीवर लिखाण सुरू होते. ती वाढत २० टक्क्यांच्या कठोर मर्यादेकडे सरकली, की कर्नल लिहिणाऱ्या प्रक्रियेलाच राइट कॉलच्या आत झोपवतो, म्हणजे डिस्कला गाठण्यासाठी वेळ मिळावा. अशा एका थांब्याची कमाल मर्यादा २०० मिलिसेकंद आहे. मोठ्या मेमरीच्या सर्व्हरवर ही पाने हळूहळू साठत जातात, म्हणूनच मधली पंधरा-वीस मिनिटे निर्वेध जात असावीत.

याची खात्री करून घेता येईल. परफ या साधनाने राइटबॅक गटातील बॅलन्स_डर्टी_पेजेस हा ट्रेसपॉइंट (कर्नलमधील नोंद घेता येण्याजोगी घटना) नोंदवावा, त्यात पॉज हे क्षेत्र थांब्याचा काळ मिलिसेकंदांत देते. ते आणि गळतीची वेळ जुळली तर वादच उरणार नाही. आपला कर्नल ५.१७ किंवा त्यापुढचा असेल तर केफ्री_एसकेबी या ट्रेसपॉइंटमध्ये पॅकेट फेकण्याचे कारणही मिळते, तेही सोबत नोंदवावे.

संशय खरा ठरला तर वाचणे आणि लिहिणे दोन वेगळ्या थ्रेडमध्ये करावे, आणि मध्ये प्रोग्रॅमची स्वतःची काही सेकंद पुरेल एवढी रांग ठेवावी. व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्सला काहीशे मेगाबाइटचा आकडा दिला, तर लिखाण साठून न राहता सतत चालू राहील. मात्र आपली माहिती सेकंदाला ७०० मेगाबाइटच्या वर जाते, आणि डिस्कचा टिकाऊ वेग त्याहून कमी असेल तर कोणतीही रांग केवळ गळतीची वेळ पुढे ढकलेल.

तारयंत्र

आकडे शून्यावर आल्यावरही एक ताळा करून पाहावा, असे सुचवतो. ईथटूल -ए या आज्ञेने पॉज फ्रेम चालू आहेत का ते पाहावे. चालू असतील तर कार्डाची मेमरी भरत आली की ते स्विचला थांबायला सांगते, आणि आपल्या यंत्रावर गळती शून्य दिसत असताना तीच पॅकेट स्विचच्या बफरमध्ये फेकली जाऊ शकतात. म्हणून अनुक्रमांकांतील तुटी एका बाजूला आणि कार्ड, कर्नल व सॉकेट या तिन्ही ठिकाणच्या मोजण्यांची बेरीज दुसऱ्या बाजूला मांडावी. तुटी अधिक भरल्या, तर ती पॅकेट एकतर आपल्या यंत्रापर्यंत पोचलीच नाहीत, किंवा आयपी थरात अशा ठिकाणी फेकली गेली जेथे आपण अजून पाहिलेले नाही. उलट-मार्ग तपासणीमुळे (प्रेषकाच्या पत्त्याकडे परतीचा मार्ग जुळतो का हे पाहण्यामुळे) किंवा कॉनट्रॅकचे (जोडण्यांची नोंद ठेवणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेचे) कोष्टक भरल्यामुळे पॅकेट जाते, ते या तिन्ही मोजण्यांत येत नाही. पहिल्यासाठी एनस्टॅटमधील आयपीरिव्हर्सपाथफिल्टर आणि दुसऱ्यासाठी डीमेसेजमधील ‘टेबल फुल’ ही ओळ पाहावी.

अर्धविराम (धागाकर्ता)

उंबरठा यांचा अंदाज अचूक ठरला. ट्रेसमध्ये पॉज क्षेत्रात २०० हाच आकडा आला, आणि त्याची वेळ अनुक्रमांकांतील तुटीच्या वेळेशी जुळली. मेमरी २५६ गिगाबाइट असल्यामुळे १० टक्के म्हणजे किती मोठा साठा होतो, याचा विचार मी कधीच केला नव्हता. वाचणारा आणि लिहिणारा थ्रेड वेगळे केले, मध्ये ४ गिगाबाइटची रांग ठेवली आणि पार्श्वभूमीच्या लिखाणाची मर्यादा ५१२ मेगाबाइटवर आणली. रांगेतील कमाल साठा आता आम्ही दर मिनिटाला नोंदवतो, आणि तो अजून अर्ध्यापर्यंतही गेलेला नाही. बफर ६४ मेगाबाइटवरच ठेवला आहे.

तारयंत्र यांनी सांगितलेला ताळाही मांडला. पॉज फ्रेम दोन्ही बाजूंनी बंद आहेत, कॉनट्रॅक या यंत्रावर चालू नाही, आणि उलट-मार्ग तपासणीचा आकडा शून्य आहे. गेल्या ४८ तासांत अनुक्रमांकांत एकूण ११ तुटी आढळल्या, सर्व एकेकट्या आणि विखुरलेल्या. मिस्ड आणि सॉकेट या दोन्हींचे आकडे शून्य होते, म्हणून आधी गोंधळलो, पण ईथटूलमध्ये आरएक्स_सीआरसी_एरर्स हा आकडा त्याच काळात बरोबर ११ ने वाढलेला आहे. म्हणजे ही पॅकेट तारेवरच बिघडून आली आणि कार्डाने ती नाकारली. फायबरची टोके स्वच्छ करण्याचे आणि ट्रान्सीव्हर बदलण्याचे काम पुढील देखभालीच्या वेळेत घेतले आहे. त्यानंतरच्या ४८ तासांचे आकडे येथेच लिहितो.